लाभाची पाटी

युकुलेले वाजवणाऱ्यांची इंटरनेटवर एक मंडळी होती. दर पंधरवड्याला तिथे एक विषय निघायचा आणि ज्याला वाटेल त्याने त्यावर गाणं म्हणून व्हिडिओ टाकायचा. त्या वेळी विषय निघाला, काम. माझी मुलगी तेव्हा अकरावीला होती. तिने इंग्रजी वाचून मला मराठीत सांगितलं की आपल्या पोटापाण्याच्या कामावरची गाणी हवीत, मुदत दहा दिवसांची आहे, आणि नेहमीसारखीच ही मैत्रीची स्पर्धा आहे, कोणी मनाला लावून घेऊ नये.

मी विचारलं, बक्षीस काय.

"पोस्टकार्ड," ती म्हणाली. "पहिला येईल त्याला मंडळी चालवणाऱ्या बाई घरी पोस्टकार्ड पाठवतात."

पोस्टकार्डासाठी मी त्या दहा दिवसांत जेवढा जळलो तेवढा मोठमोठ्या बिल्डरांच्या कंत्राटांसाठीही जळलो नाही.

दोन हजार आठ-नऊची गोष्ट. पेणकरपाड्याला माझा अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बनवायचा गाळा होता. मीरा रोडला इमारतीमागून इमारती उठत होत्या आणि प्रत्येक बाल्कनीला खिडकी लागत होती. मी जवळच्या राई गावातल्या मिठागरावर काम करणाऱ्याचा मुलगा. नववीत शाळा सुटली. काच कापायला शिकलो, मग भाव करायला शिकलो, आणि दुसऱ्या गोष्टीवर जास्त कमावलं. माझा आवाज चढतो हे सगळ्या लाइनीला माहीत होतं. गिऱ्हाईक आत बसलेलं असलं की शेजारचे गाळेवाले हातातलं काम थांबवून ऐकायचे.

युकुलेले मला भावातच मिळाला होता. परदेशी निघालेल्या एका कुटुंबाच्या जुन्या खिडक्या मी काढत होतो. त्यांच्या अडगळीत ती चार तारांची बुटकी गिटार दिसली. म्हटलं, हे खेळणं त्यात घाला, जुन्या चौकटी मी फुकट उचलून नेतो. मुलीसाठी आणला होता. तिला दोन दिवसांत कंटाळा आला आणि मला नाद लागला तो लागला. गाळ्यात खिळ्याला टांगून ठेवायचो आणि दुपारी कारागीर जेवायला बसले की वाजवायचो.

त्या मंडळीत मला नेलं ते मीरा रोडच्याच बेव्हर्ली पार्कमधल्या एका गिऱ्हाइकाने. विमा कंपनीत नोकरी, मुंबईतलं वडिलोपार्जित बिऱ्हाड सोडून इकडे मोठी जागा घेतलेली, माझ्याच वयाचा. खिडक्यांचा भाव ठरवायला आला आणि खिळ्यावरचा युकुलेले बघून भाव विसरला. त्याच्याकडेही एक होता. त्यानेच मुलीला मंडळीचा पत्ता लिहून दिला, माझं नाव नोंदवून दिलं. त्याला मी साहेब म्हणायचो, तो मला शेठ म्हणायचा. रविवारी सकाळी गाळ्यावर यायचा, आम्ही दोघं वाजवायचो.

त्या मंडळीत थंड देशातला एक बसड्रायव्हर होता, एक दाताचा डॉक्टर होता, आणि सगळं चालवणाऱ्या त्या निवृत्त शाळामास्तरीणबाई होत्या. जगात एवढीच माणसं अशी होती ज्यांनी मला ओरडताना ऐकलं नव्हतं. तिथे मी म्हणजे खिडक्या बनवणारा, हसरा, थोडा बेसूर गृहस्थ. मला ते आवडायचं.

विषय कळला तेव्हा मला काय गायचं हे शोधावं लागलं नाही. माझे वडील मिठागरावर मोजणी करायचे. वाफ्यातलं मीठ पाट्यांत भरून बायका डोक्यावरून राशीपाशी आणायच्या, आणि राशीच्या तोंडाशी वडील उभे राहून प्रत्येक पाटीचा आकडा गाऊन सांगायचे. गाऊनच, कारण बोललेला आकडा वाऱ्यात जातो. मागची बाई तो आकडा उचलून परत म्हणायची. मिठाचं, धान्याचं पहिलं माप आमच्याकडे कोणी एक म्हणून मोजत नाही, लाभ म्हणतात.

लाभ गो लाभ, लाभाची पाटी,
दोन गो दोन, खाडीच्या काठी,
तीन गो तीन, चाल उठाउठी…

असं विसापर्यंत. वीस झाल्या की राशीत एक काटकी खोचायची आणि परत लाभ. बाकीच्या राशींवर आकडे साधे ओरडायचे. चालीत बांधले ते माझ्या वडिलांनी. मिठागर बंद झालं, वडील गेले, आणि त्यांच्या हातचं म्हणावं असं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं.

रविवारी साहेब आला तेव्हा मी त्याला ते वाजवून दाखवलं. कुठला स्वर कुठे बदलायचा ते मला नीट बसत नव्हतं. त्याने बसवून दिलं. मोबाइल काढून म्हणाला, घरी नीट ऐकतो, रेकॉर्ड करू का. मी म्हटलं, करा की. वर त्याला चहा पाजला.

बुधवारी मुलीने मला कॉम्प्युटरपाशी बोलावलं. तिने व्हिडिओ लावला आणि ती बाजूला झाली. साहेब आपल्या दिवाणखान्यात बसून गात होता. मागे मी बसवलेली खिडकी. चाल माझ्या वडिलांची, शब्द इंग्रजी. फाइल नंबर एक, फाइल नंबर दोन, टेबलावरून टेबलावर. हापिसात काम करणाऱ्याचं गाणं. खाली त्याने एक ओळ लिहिली होती, आणि ती मुलीने मला दोनदा वाचून दाखवली. आमच्या भागातली एक जुनी चाल.

बस. कोणाची, कोणाकडून ऐकली, काही नाही. त्याखाली लोकांनी कौतुक केलेलं. बसड्रायव्हरने लिहिलं होतं की दिवसभर तेच डोक्यात वाजतंय.

माझं गाणं अजून टाकायचं होतं. आता टाकलं तर चोर मीच दिसणार.

मी मुलीला म्हटलं, लिही. आणि मी सांगायला लागलो. ती बोटं कीबोर्डवर ठेवून नुसती बसली. मी म्हटलं, लिहीत का नाहीस.

"चोर हा शब्द मी लिहिणार नाही."

"मग मराठीत लिही."

"पप्पा, तिथे तुम्हाला सगळे चांगले समजतात," ती म्हणाली. "एवढी एक जागा राहू द्या."

मी कॉम्प्युटर बंद केला आणि स्कूटर काढली.

साहेबाच्या घरी त्याची आई सोफ्यावर भाजी निवडत होती. त्याने हसून दार उघडलं, म्हणाला, शेठ, ऐकलंत का. मी जे सुरू केलं ते सगळं इथे लिहीत नाही. मी त्याला विचारलं की ती ओळ लिहिताना लाज वाटली नाही का. तो आधी गोंधळला, मग त्याचाही आवाज बदलला. म्हणाला, मिठागरावर सगळे म्हणायचे असं तुम्हीच सांगितलंत. मी सांगितलं, म्हणायचे सगळे, बांधलं एकाने. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "अहो, लोकगीत कुणाच्या मालकीचं नसतं."

मालकी हा शब्द त्याने माझ्यापुढे काढायला नको होता. आमची अर्धी जमीन असल्याच गोड शब्दांनी गेली. मी उठलो आणि त्याची खिडकी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला अशी फेकली की काच चौकटीत थडथडली. म्हटलं, ही खिडकीपण लोकांचीच आहे का, नेऊ काढून. त्याच्या आईच्या मांडीवरची परात खाली पडली. शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि कोणीतरी हिंदीत विचारलं, क्या हुआ, सब ठीक है ना.

साहेब म्हणाला, "शेठ, आईसमोर नको."

मी खाली आलो. ज्या कामासाठी गेलो होतो ते तसंच राहिलं होतं. मला त्या व्हिडिओखाली एक ओळ हवी होती, की ही चाल राईच्या मिठागरावर मोजणी करणाऱ्या एका माणसाने बांधली आणि त्याच्या मुलाकडून मी ऐकली. ती मागायच्या आधीच मी काच आपटून बसलो.

पुरावा हवा होता. म्हणून दुसऱ्या दिवशी राईला काकीकडे गेलो. तिने तरुणपणी वडिलांच्या राशीवर पाट्या वाहिल्या होत्या. चाल वडिलांचीच, एवढं तिने सांगितलं की मुलीच्या फोनमध्ये भरून घ्यायचं आणि त्या मंडळीपुढे ठेवायचं, असं माझं ठरलं होतं. काकी ओट्यावर सुकी मासळी निवडत होती. मी चाल म्हणून दाखवली. तिने मान हलवली.

"ह्या सकालचा हाय. दुपारचा म्हन."

मी म्हटलं, दुपारचं वेगळं कुठे होतं. दुपारी दमायचे, म्हणून हळू म्हणायचे.

"तुजा बापूस दमनारा न्हवता," काकी म्हणाली. "उनान मीठ तापायचा, आमचे पाय फाटलेले. मुकादम घड्याल घेऊन बसलेला, बाया बसल्या की बोंबलायचा. मग तुजा बापूस आकडा लांबवायचा. आकडा लांबला की आमचा पाय हलू परायचा. मुकादमाला वाटे, गानाच तसा हाय."

आणि तिने दुपारचं म्हणून दाखवलं. लाभ हा शब्द एवढा लांब की त्यात दोन पावलं आणि एक श्वास मावेल. मी पन्नाशीला टेकलेला माणूस, आयुष्यभर बापाला दमलेला समजत होतो. तो तिथे उभा राहून रोज दुपारी मुकादमाशी भाव करत होता, आणि मुकादमाला सौदा चाललाय हे कधी कळलंही नाही. मी आवाज चढवल्याशिवाय एक खिडकी विकलेली नाही.

काकीचं बोलणं फोनमध्ये भरायचं मी विसरलोच.

मुदत संपायला दोन दिवस होते. मी गाळ्यात बसून व्हिडिओ केला, मुलीने फोन धरला. आधी सकाळचं, मग मधूनच दुपारचं, मग परत सकाळचं. सात वेळा चुकलो. हळू म्हणताना हात पुढे पळायचा. त्याला आवरणं हेच सगळ्यात कठीण होतं. आठव्या वेळी जमलं.

मग खाली काय लिहायचं यावरून आमच्या दोघांत जो भाव झाला तसा मी कुठल्या व्यापाऱ्याशी केला नसेल. मी चाळीस ओळी सांगितल्या. ती म्हणाली, तीन. मी तिसावर आलो. ती तीनवरच. मी म्हटलं, निदान एवढं तरी लिही की याआधी ही चाल ज्याने म्हटली त्याने ती माझ्याकडून उचलली.

"ते वाचून लोक त्यांचं गाणं परत ऐकतील, तुमचं नाही," ती म्हणाली. "आजोबांचं लिहा."

शेवटी पाच ओळी झाल्या. वडील, मिठागर, पाट्या, लाभ, दुपार. साहेबाचं नाव नाही. ती माझीच मुलगी आहे.

व्हिडिओ टाकला आणि जे व्हायचं तेच झालं. दाताच्या डॉक्टरने खाली लिहिलं की ही चाल तर आपण याच आठवड्यात ऐकली, दोघं मित्र आहात का. मास्तरीणबाईंनी लिहिलं, दोन्ही सुंदर आहेत, मूळ कोणाचं ते जाणून घ्यायला आवडेल. मुलगी मला रोज वाचून दाखवायची. साहेबाकडून उत्तर नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. त्याची ती जुनी ओळ तशीच होती. माझ्या पाच ओळी वाचणाऱ्याला वाटावं, दोघांनी एकाच हवेतून उचललंय. गाळ्यावर मी एका कारागिराला उगाच झापलं, एका गिऱ्हाइकाला हाकलून दिलं, आणि जेवायला बसलो की त्या ओळीचे इंग्रजी शब्द कानात वाजायचे, मला त्यांतला अर्थ जेमतेम कळत असूनही.

मग मतं द्यायचे दिवस आले. तिथली पद्धत अशी होती की ज्याने गाणं टाकलंय त्याने दुसऱ्या तिघांना उघड मतं द्यायची, पहिलं, दुसरं, तिसरं. न दिली तर आपलं गाणं बाद. मुलगी कॉलेजला जाण्यापूर्वी मला सगळी गाणी एकदा ऐकवून गेली. दोन मतं लगेच ठरली. तिसऱ्याला मी अडलो, कारण उरलेल्यांत साहेबाचं गाणं सरळ सरळ वरचढ होतं. मालाला तोंडावर नावं ठेवणं हा माझा धंदा आहे, पण माल कसा आहे हे मला मनातल्या मनात चुकीचं सांगता येत नाही. फाइलींच्या त्या गाण्यात पन्नाशीला आलेल्या कारकुनाचं खरं दुःख होतं, आणि ते त्याने हसत म्हटलं होतं.

मी गाळ्यात एकटा होतो. सौद्यात आधी फोन करतो तो हरतो, हे मी कारागिरांना शिकवत आलोय. मी फोन केला.

तो म्हणाला, "बोला शेठ." आवाजात राग नव्हता, आणि त्याने मला आणखी चीड आली.

मी सरळ भाव सांगितला. ओळ बदला, माझ्या वडिलांचं लिहा, माझं तिसरं मत तुम्हाला.

त्याच्या हापिसातली माणसं मागे बोलत होती. तो म्हणाला, "म्हणजे मत विकताय?"

"विकत नाही. अदलाबदल."

"शेठ, मी ती ओळ तशीही बदलणारच होतो," तो म्हणाला. "तुमचा व्हिडिओ बघितल्यापासून कसं लिहावं तेच सुचत नव्हतं. ठीक आहे. आज करतो."

मी फोन ठेवला. हवं होतं ते मिळालं होतं आणि हातात काहीच आल्यासारखं वाटेना. बदलणारच होता, तर तो मला चार दिवस का जळत ठेवत होता? आणि खरंच बदलणार होता, तर मी एक फोन करून त्याच्या मनातली गोष्ट बाजारात आणली. यातलं कुठलं खरं हे मला कधीच कळणार नाही, हे मला तिथल्या तिथे कळलं. मिळालेल्या मालाची किंमत लावता येत नाही असं माझ्या बाबतीत तेव्हा पहिल्यांदाच झालं.

संध्याकाळी मुलगी घरी आली, कॉम्प्युटर लावला आणि मला हाका मारत स्वयंपाकघरात आली. साहेबाने ओळ बदलली होती. एक नाही, सहा ओळी लिहिल्या होत्या, आमच्यापेक्षा चांगल्या इंग्रजीत. चाल कोणी बांधली, कुठल्या गावात, दुपारी ती का लांबवायचे, सगळं. आणि शेवटी लिहिलं होतं की मी मोजणी एकपासून सुरू केली ही माझी चूक, तिथे पहिलं माप लाभ असतं. वर त्याने त्याचं पहिलं मत मला दिलं होतं. मुलगी म्हणाली, मत सकाळचंच दिसतंय. मी फोन दुपारी केला होता, आणि तो तिला माहीत नव्हता.

"बघा पप्पा," ती म्हणाली, "कोणी न सांगता केलं त्यांनी. तुम्ही काय काय बोलला होतात त्यांना."

मी म्हटलं, हो.

"तुमचं तिसरं कोणाला?"

"त्यांनाच दे," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं की तेवढ्यासाठी मी पुढची दहा वर्षं गप्प राहिलो. मग ती म्हणाली, तिला त्यांना थँक्यू म्हणायचंय, नंबर लावा. मी म्हटलं, उद्या. ती म्हणाली, आत्ता. तिने माझ्या हातातून फोन घेतला, नंबर शोधला, लावला. मी ओट्याला टेकून उभा राहिलो. ती त्यांना सांगत होती की पप्पांना खूप बरं वाटलं, त्यांना बोलता येत नाही पण बरं वाटलं, तुम्ही आपणहून केलंत. पलीकडे तो बोलत होता. मला नुसती कुरकुर ऐकू येत होती. एक शब्द बोलला असता की तुझ्या वडिलांचा दुपारी फोन आला होता, तर संपलं असतं.

तिने फोन ठेवला. मी विचारलं, काय म्हणाले.

"म्हणाले, लिहायलाच हवं होतं. आणि खिडकी जाम झालीये, पप्पांना जमेल तेव्हा बघायला सांग."

पोस्टकार्ड बसड्रायव्हरला मिळालं. मी शनिवारी हत्यारांची पिशवी घेऊन बेव्हर्ली पार्कला गेलो. मी आपटली तेव्हा खिडकीचं खालचं चाक रुळावरून उतरलं होतं. त्याची आई माझ्याकडे पाठ करून बसली होती. साहेबाने चहा केला. फोनचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. चाक बसवून झाल्यावर त्याने विचारलं, किती द्यायचे शेठ. मी म्हटलं, काही नाही, माझंच काम कच्चं होतं. तो म्हणाला, नाही, सांगा. मी उगाच दुप्पट आकडा सांगितला, त्याने निदान थोडं तरी भांडावं म्हणून.

त्याने खिशातून पाकीट काढलं आणि सांगितले तेवढे दिले.